कुणी न पाहिलेले कापड

स्वेटर उसवणे सोपे असते; शेवटचे टोक सापडले की ओढत जायचे, आणि थोड्याच वेळात लोकरीचा गुंडा पुन्हा हातात येतो. मागावरच्या कापडाचे तसे नसते. ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, गेलेला प्रत्येक आडवा धागा ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे काढावा लागतो, तोही ताणा न तुटू देता. होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यातली पेनेलोपी, ट्रॉयच्या युद्धावर गेलेल्या आणि अजून न परतलेल्या ओडिसियस राजाची बायको, दिवसा विणलेले रात्री मशालीच्या उजेडात उसवत असे. हे वाचताना आपण तिच्या चातुर्याला दाद देतो. श्रमांचा हिशेब मात्र सहसा कुणी मांडत नाही. प्राचीन ग्रीकांचा माग उभा असे. वरच्या दांडीवरून सोडलेले धागे खाली मातीच्या वजनांनी ताठ राहत, आणि विणणारी बाई उभ्यानेच, या कडेपासून त्या कडेपर्यंत येरझारा घालत वरून खाली विणत जाई. म्हणजे इथाकाची ही राणी दिवसा जेवढी चालली, जवळजवळ तेवढीच रात्री पुन्हा चालत असणार.

सासऱ्यांचे, म्हणजे लाएर्टीसचे, प्रेतवस्त्र विणून झाले की तुमच्यापैकी एकाशी लग्न करीन, असे तिने लग्नाची मागणी घेऊन घरात ठाण मांडलेल्या पुरुषांना सांगितले होते (सासरे तेव्हा चांगले हयात होते, हे विशेष). मला नवल वाटते ते मागणी घालणाऱ्यांचे. तिचा मुलगा टेलेमाखस पुढे त्यांची मोजदाद करतो ती 108 भरते. तिच्याच घरी पंगती झोडणाऱ्या या मंडळींपैकी एकालाही तीन वर्षांत ते कापड किती वाढले, हे जवळ जाऊन पाहावेसे वाटले नाही. चौथ्या वर्षी बिंग फुटले ते घरातल्याच एका दासीमुळे. ज्या कामाकडे पाहण्याची पुरुषांना गरजच वाटत नव्हती, त्या कामाच्या आड काहीही लपवता येत होते.

आणि बाईला गप्प करायचे तर तिला मागाकडेच पाठवण्याची या काव्यांची रीत आहे. ‘ओडिसी’च्या पहिल्याच सर्गात मुलगा आईला सुनावतो की आत जा, माग आणि चाती सांभाळ, बोलणे हे पुरुषांचे काम. ‘इलियड’ या होमरच्या दुसऱ्या, ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यात ट्रॉयचा वीर हेक्टर आपल्या बायकोला, अँड्रोमाखीला, जवळजवळ त्याच शब्दांत परत पाठवतो; तिथे बोलण्याच्या जागी युद्ध आहे, एवढाच फरक. त्याच ‘इलियड’मध्ये, जिच्यामुळे युद्ध पेटले ती हेलन मात्र जांभळ्या वस्त्रावर नेमके तेच युद्ध विणताना भेटते.

ग्रीक पुराणकथांतल्या फिलोमेलाची कथा याहून भयंकर आहे. मेहुणा टेरियस तिच्यावर बलात्कार करतो, जीभ कापतो आणि तिला कोंडून ठेवतो. रोमन कवी ओव्हिड सांगतो की तिने पांढऱ्या धाग्यांत जांभळ्या खुणा विणून तो अत्याचार बहिणीपर्यंत, प्रोक्नीपर्यंत पोहोचवला. ते कापड घेऊन जाणाऱ्या दासीला आपण काय नेत आहोत, याचा पत्ताच नव्हता. प्रोक्नीने घडी उलगडली आणि वाचले. ओव्हिडच्याच दुसऱ्या कथेतल्या अरॅक्नी या विणकर मुलीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. देवांनी फसवलेल्या स्त्रिया, युरोपा, लीडा, डॅनाई, तिने उघडपणे विणल्या, त्याही स्वतः कुशल विणकर असलेल्या अथीना देवीसमोर. अथीनाला त्यात खोट काढता आली नाही. तिने कापड फाडले आणि धोट्याने अरॅक्नीच्या कपाळावर प्रहार केले. ज्याला विणकाम कळते त्याच्यापुढे ते बोलके होते, आणि म्हणून धोक्याचेही.

पेनेलोपीचे गुपितही विणकाम कळणाऱ्या बाईनेच फोडले असावे, आणि तिचा मला राग येत नाही. या घरात लोकर पिंजायला शिकवलेल्या पन्नास दासी होत्या. त्यांतल्या बारा जणींना ओडिसियस परतल्यावर टेलेमाखसने फाशी दिली. मागणीदार दासींवर बळजबरी करत होते, हे तर ओडिसियसच बोलून दाखवतो. राणी लग्न टाळत होती तेव्हा त्या पुरुषांची उठबस दासींच्याच वाट्याला येत होती, आणि उसवण्यात गेलेली प्रत्येक रात्र त्यांचा तो काळ आणखी एका दिवसाने लांबवत होती.