तुम्ही विचारलंत म्हणून: नाव आधी की गट?

मी गेममधले प्राणी रचतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "नावं सुचतात कशी? आणि कुठला प्राणी कुठल्या गटात, हे कसं ठरवता?"

गट आधी ठरतो. नावाला वेळ लागतो.

गट करताना दिसण्यावर गेलं की फसायला होतं. माझ्या पहिल्या गेममध्ये पंख दिसले की प्राणी 'उडणारे' या गटात जायचा, आणि उडणारे खड्ड्यात पडत नाहीत असा नियम होता. त्यात एक प्राणी पंख असूनही जमिनीवरून चालायचा. खेळणाऱ्यांनी मेहनतीने खणलेल्या खड्ड्यावरून तो सरळ चालत पलीकडे जायचा. मला ते पाहून फार वाईट वाटलं, कारण खेळणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी एवढंच विचारतो, की हा समोर आला तर खेळणाऱ्याने काय करायचं? माइनक्राफ्ट या गेममधला कोळी अंधारात अंगावर येतो, उजेडात त्याची खोडी काढली नाही तर येत नाही. त्याचे पाय मोजून हे कळणार नाही.

प्रश्न बदलला की गटही बदलतो. पोकेमॉन या गेममधला चारिझार्ड दिसायला अख्खा ड्रॅगन, पण लढाईत तो 'आग' आणि 'उडणारा' या प्रकारांत मोडतो. कुणाची कुणाशी जोडी जमते हे ठरवणाऱ्या 'अंड्यांच्या गटां'त मात्र तो ड्रॅगनांमध्येही आहे. मला ही रचना मनापासून आवडते. गट वाढवायलाही तिथे कुणी घाबरलं नाही. १९९६ साली १५ प्रकार होते. १९९९ मध्ये 'डार्क' आणि 'स्टील' आले, आणि ज्याच्यापुढे कुणाचं फारसं चालत नव्हतं त्या 'सायकिक'चा मारा डार्कवर लागेनासा झाला. २०१३ मध्ये 'फेअरी' आला, एकूण १८ झाले, आणि क्लिफेअरी 'नॉर्मल'मधून तिकडे गेली.

नावाला हे काही लागू नाही. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनीअस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये देवमाशाला सस्तन प्राण्यांत नेलं, तरी आपण त्याला देवमासाच म्हणतो, आणि त्यात काही बिघडत नाही. नाव डोळ्यांनी आणि कानांनी ठेवलेलं असतं. टिटवीचं नाव तिच्या ओरडण्यातून आलं. तांबटाचं, तांब्याचं भांडं ठोकल्यासारख्या त्याच्या आवाजातून. म्हणून प्राण्याचा आवाज पक्का होईपर्यंत तो माझ्या वहीत नुसता आकडा असतो. मग नावं मोठ्याने म्हणून बघतो. 'ढ', 'भ', 'घ' आले की अंग जड वाटतं, 'चि', 'टि' आले की चिमुकलं. शेजारी बसलेल्या सोबत्याला ऐन घाईत ओरडून सांगता येत नाही, ते नाव बाद.

सध्या वहीत सात नंबर आहे. चिखलात दबा धरून बसणारा. गट महिन्यापूर्वीच ठरला. चिखलातून वर येताना तो कसा वाजतो, ते अजून जमलेलं नाही.