तुम्ही विचारलेत म्हणून : जुनी शिलाई मशीन कशी पारखावी

अमळनेरात माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकांपैकी कोणी ना कोणी दर महिन्याला विचारतेच, "काकू, घरच्यापुरती जुनी मशीन घ्यायची आहे, कोणती घेऊ?" उंबऱ्यात उभ्या उभ्या मी "काळी घ्या" एवढेच सांगते. ते उत्तर अर्धेच असते, म्हणून आज नीट लिहिते.

घरचे शिवण म्हणजे परकराचा नेफा, उशीचे अभ्रे, मुलांच्या गणवेशाची उसवलेली शिवण. यांतल्या कशालाही सरळ टाक्यापलीकडे काही लागत नाही. नक्षीचे टाके देणाऱ्या पांढऱ्या मशिनींपैकी बऱ्याच जणींच्या पोटात प्लास्टिकचे दंतचक्र असते आणि जुने झाले की ते तडकते. याउलट उषा, सिंगर, रीटा यांपैकी कोणतेही नाव असले तरी नेहमीच्या काळ्या लोखंडी हेडची (म्हणजे स्टँडवर बसणाऱ्या मशीनची) बॉबीन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ), बॉबीन केस (त्या रिळाची डबी) आणि शटल (वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा टोकदार भाग) तालुक्याच्या बाजारात सहज मिळते. कारखान्यातली मोटरची मशीन स्वस्तात मिळाली तरी घरात आणू नये, कारण तिचा वेग नवशिक्या हाताला आवरत नाही.

काळ्यांमध्येही मी एकदा फसले आहे. माझी पहिली जुनी मशीन जळगावच्या एका दुकानातून घेतली, तेव्हा तिच्या चकचकीत रंगावर आणि सोनेरी वेलबुट्टीवर मी इतकी भाळले की चाकाला हातही लावला नाही. आठवड्यात ती जड झाली, मग करकरू लागली. आमच्या मिस्त्रींनी तेलाच्या भोकांत टाचणी घातली तेव्हा टोकावर रंगाचा पापुद्रा आला. नवा रंग देताना ती भोकेच बुजली होती आणि मी आठवडाभर घातलेले तेल वरच्या वर ओघळून जात होते. "ताई, रंग नका देखू, चाक फिराईसन देखा," असे ते म्हणाले, आणि तेव्हापासून माझी पारख चाकापासून सुरू होते.

पट्टा काढून, एका बोटाने, मशीनच्या उजव्या टोकाचे चाक आपल्याकडे फिरवावे. पूर्ण फेऱ्यात ते सारखेच जड लागत असेल तर घाबरू नये: आत बहुधा वाळलेले तेल असते. आपल्याकडे कोणीतरी मशीनला घरातले गोडे तेल घालतो, मग ती वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहते आणि खानदेशच्या उन्हाळ्यात त्या तेलाचा डिंक होतो. रॉकेलने धुऊन मशीनचे तेल घातले की दोन-तीन दिवसांत ती मोकळी होते. पण प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी चाक अडत असेल, तर शटलच्या घरात दोऱ्याचा तुकडा अडकलेला असतो किंवा काहीतरी वाकलेले असते. दोरा निघून अडखळणे थांबले तर ठीक, नाहीतर मशीन सोडावी. सुईची दांडी चिमटीत धरून आडवी हलवून पाहावी; ती डगमगली तर झीज खोलवर गेलेली असते, आणि तिथे मी सौदा करत नाही.

मग टाका. जाताना नवी १६ नंबरची सुई, सुती कापड, जीन्सचा तुकडा आणि दोन रंगांचे दोरे घरूनच न्यावेत. दुकानदाराने दाखवायला ठेवलेल्या कापडावर कोणतीही मशीन गुणी दिसते. वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून दुहेरी सुतीवर वीतभर शिवावे. खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे फास दिसले तर तो बहुतेक टेन्शनचा, म्हणजे वरच्या दोऱ्याच्या ताणाचा प्रश्न असतो आणि तो दोरा दाबून धरणाऱ्या चकतीवरची फिरकी थोडी आवळून सुटतो. टाके मध्येच सुटत असतील तर आधी सुई नीट बसली आहे ना ते पाहावे, मग शटलच्या टोकावर नख फिरवावे. टोक बोथट असेल तर शटल बदलावे लागेल. जीन्सच्या घडीवर कापड जागच्या जागी घुटमळले तर कापड पुढे सरकवणारे खालचे दाते झिजलेले आहेत असे समजावे.

स्टँडचा गंज, चिरलेला चामडी पट्टा, उडालेली नावाची अक्षरे यांच्याकडे मी दोष म्हणून पाहत नाही. भाव पाडताना मात्र ते तिन्ही मोठ्याने मोजून दाखवते.