‘पावणेदोनशे मिली’ नीट लिहून घेणारं अ‍ॅप: पहिल्या प्रोटोटाइपचा अनुभव

आंबा बागायतदारांसाठी एआय अ‍ॅप म्हटलं की यादी लांबतच जाते: मोहोराच्या फोटोवरून रोग ओळखणं, फवारणीचा सल्ला, हवामान, बाजारभाव, मजुरांचा हिशेब. आमच्या कागदावरही हे सगळं होतं. देवगडच्या कातळावरच्या बागांसाठी प्रोटोटाइप करताना आम्ही त्यातलं एकच काम ठेवलं: फवारणी करणाऱ्याने बोलावं आणि त्याची वहीत बरोबर ओळ उमटावी.

फोटोचं काम आधी खोडलं. मोहोर येतो वर्षातून एकदा. फोटो जमवून, जाणकाराकडून त्यांना नावं लावून घेऊन, मॉडेल तयार करून तपासेपर्यंत कणी, म्हणजे बारीक फळ, धरलेली असते. चूक सापडलीच तर पुढच्या मोहोरापर्यंत थांबायचं. शिवाय पानावर काळी काजळी दिसते, ती तुडतुड्यांनी टाकलेल्या गोड चिकट स्रावावर वाढलेली बुरशी. फोटोत बुरशी दिसणार, बंदोबस्त मात्र तुडतुड्यांचा करायचा. सल्ला देणंही काढून टाकलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक बागायतदारांकडे असतंच, आणि यंत्राच्या एका चुकीच्या वाक्याने मोहोर जाऊ शकतो.

नोंदीची गरज मात्र खरी आहे. औषधाचे अंश फळात मर्यादेपेक्षा जास्त राहू नयेत म्हणून शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले ते माहीत असावं लागतं, आणि हात औषधाने माखलेले असताना वही कोण उघडणार?

पहिले चार दिवस कोड लिहिला नाही. लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज पाठवायचे आणि आम्ही ऐकून हाताने तक्ता भरायचा. रकाने ठरवले होते सात, टिकले पाच: तारीख, बागेचा भाग, औषध, प्रमाण, पाणी. ‘कारण’ आणि ‘हवामान’ हे रकाने कोणी बोलून भरेना.

मग साखळी जोडली. मेसेजची ओपस ही आवाजाची फाइल व्हिस्परला चालणाऱ्या १६ किलोहर्ट्झच्या, एका चॅनेलच्या वेव्ह फाइलमध्ये बदलायची, व्हिस्पर या बोलणं लिहून देणाऱ्या एआय मॉडेलने मजकूर काढायचा, भाषा मॉडेलकडून त्याचे पाच रकाने करून घ्यायचे आणि ते गूगल शीटमध्ये टाकायचे. स्वतंत्र अ‍ॅप नाही, लॉगिन नाही.

पहिली अडचण आवाजाची. बोलणं थांबल्यावर मागे पंपाचं इंजिन चालू असेल तर व्हिस्पर न बोललेली वाक्यं लिहितं किंवा एकच शब्द पुन्हा पुन्हा छापतं. आधी शांत आणि निव्वळ गोंगाटाचे तुकडे कापून टाकले आणि ‘पंप बंद करून बोला’ हा एकच नियम लोकांना सांगितला. औषधांची नावं व्हिस्परला सूचनेत (प्रॉम्प्टमध्ये) आधीच देऊन पाहिली. त्या सूचनेला २२४ टोकनांची, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करतं त्यांची, मर्यादा आहे, देवनागरीला टोकनं फार लागतात आणि यादी लांबली तर सुरुवातीची नावं गळतात. म्हणून यादी बाहेर ठेवली. मजकूर आल्यावर त्यातला शब्द यादीतल्या सर्वांत जवळच्या नावाशी जुळवायचा, आणि दोन नावं सारखीच जवळ आली तर विचारायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला आकड्यांवर, आणि तो जायलाच हवा होता. कोणी ‘१७५ मिली’ म्हणत नाही, ‘पावणेदोनशे’ म्हणतात. भाषा मॉडेलने त्याचे कधी २७५ केले, कधी २००. सूचना कितीही सुधारली तरी चूक अधूनमधून परत यायची. उपाय असा केला: मॉडेलने शब्द जसाच्या तसा उचलून द्यायचा, हिशेब करायचाच नाही. हिशेब साध्या कोडने. ‘सव्वा’ असेल तर पुढच्या संख्येत पाव मिळवायचा, ‘पावणे’ला पाव वजा, ‘साडे’ला अर्धा जास्त, मग शंभराने गुणायचं. सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५, साडेतीनशे ३५०. ‘पाऊणशे’, ‘दीडशे’ आणि ‘अडीचशे’ वेगळे लिहून ठेवले. एवढं केल्यावर या जातीची चूक थांबली.

पाण्यावरून आणखी एक तपासणी मिळाली. दोनशे लिटरच्या पिंपात ६० मिली म्हणजे लिटरला ०.३ मिली. लेबलवरच्या प्रमाणापेक्षा हा भागाकार दुप्पट किंवा निम्मा आला तर ओळ लाल करायची. ऐकण्यातल्या बऱ्याच चुका इथेच पकडल्या जातात.

तारखेने वेगळाच त्रास दिला. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रेंज नसते, मेसेज रात्री घरी आल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचतो, आणि त्यातला ‘आज’ चुकीच्या तारखेला जाऊन बसतो. ‘परवा’ तर मागचाही असतो आणि पुढचाही. तो क्रियापदावरून ठरवावा लागतो: ‘परवा मारलं’ की ‘परवा मारायचंय’. पुढच्या कामाची नोंद करायचीच नाही असं ठरवल्यावर निम्मा गुंता सुटला. उरलेल्यासाठी वार बोलायला सांगितला.

तपासणीसाठी ६० मेसेज आधीच हाताने लिहून वेगळे ठेवले होते. सूचनेत एक शब्द बदलला तरी सगळे ६० पुन्हा चालवायचे. मोजायचं एकच: पाचही रकाने बरोबर आलेल्या ओळी किती. चार बरोबर आणि प्रमाण चूक असेल तर ती ओळ चूक. न बोललेला रकाना रिकामा राहिला पाहिजे. मॉडेलने तो अंदाजाने भरला तर तीही चूक.

शेवटी परतीचा मेसेज जोडला: ‘गुरुवार, वरची बाग, गंधक, चारशे ग्रॅम, दोनशे लिटर. बरोबर?’ उत्तरात ‘हो’ आल्याशिवाय ओळ पक्की होत नाही. प्रमाण १७५ असेल तेव्हा हा मेसेज आधी ‘एकशे पंचाहत्तर’ म्हणायचा आणि लोक क्षणभर थांबायचे. ‘पावणेदोनशे’ म्हणायला लागल्यावर ‘हो’ लगेच यायला लागलं.