मांडवा ते रत्नागिरी: माळावरच्या पायांना खाड्यांचा हिशेब

सोलापुरात सायकल चालवणाऱ्याला शंभर किलोमीटरचं फारसं काही वाटत नाही. अक्कलकोटला जाऊन आलं की ऐंशीच्या आसपास होतात, तुळजापूरचे नव्वद, आणि त्यात चढ म्हणावा असा तुळजापूरचा घाट तेवढा. हाच हिशेब घेऊन कोकण किनाऱ्यावर उतरलं की दुसऱ्या दिवशीच गुडघे बोलायला लागतात. तिथे दिवस मोजायचा तो खाड्यांवर.

कारण रस्त्याची घडणच तशी आहे. गाव समुद्रसपाटीला, माडांच्या वाडीत. गाव संपलं की रस्ता सरळ वर चढतो, जांभ्या दगडाच्या सड्यावर. सड्यावर थोडा वेळ आपला सोलापूरचा माळच भेटल्यासारखं वाटतं: सपाट, उघडं, ना सावली ना पाणी. मग तीव्र उतार, खाली खाडी, पलीकडे पुन्हा चढ. एकेक चढ शे-दीडशे मीटर उंचीचाच, पण दिवसात असे चार-पाच. बरेच चढ दहा टक्क्यांच्या वर जातात. म्हणून सामानासकट दिवसाला ५० ते ७० किलोमीटर पुष्कळ झाले.

मांडवा ते रत्नागिरी हे अंतर सहा दिवसांत आरामात होतं. पहिला दिवस मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, साधारण ७० किलोमीटर, सगळ्यात सोपा. दुसरा अगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन. अंतर पन्नाशीच्या आसपास, आणि दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा पाण्यालगतचा रस्ता अख्ख्या वाटेतला सर्वांत देखणा. तिथे घाई करू नये. तिसरा हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेशवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णे. चौथा दाभोळ, फेरीने धोपावे, मग गुहागर. हा दिवस सर्वांत जड. पाचवा हेदवी, तवसाळ, फेरीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. सहावा आरे-वारेवरून रत्नागिरी, जेमतेम २५.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. हिवाळ्यात दुपारनंतर वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे तो पाठीला किंवा कुशीला लागतो. समुद्र मात्र उजव्या हाताला, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे राहतो. फोटोसाठी रस्ता ओलांडावा लागेल, पण दुपारच्या वाऱ्याला छाती देण्यापेक्षा ते परवडलं. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

सायकल मुंबईला नेण्यासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची. रात्री बसलं की सकाळी मुंबई. पार्सल ऑफिसात तिकीट दाखवून सायकल ‘लगेज’ म्हणून बुक करा. ‘पार्सल’ म्हणून दिलेली सायकल मागच्या गाडीने येऊ शकते, आणि तुम्ही सीएसएमटीला ताटकळत बसता. देण्याआधी मागे सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर गिअर टाका, म्हणजे डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आत सरकतो आणि पोती अंगावर पडली तरी वाकत नाही. पेडल काढा (डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, जोर लावून आटे खराब करू नका), हँडल वळवून बांधा, दिवा, पंप, बाटल्या काढून घ्या. सीएसएमटीवरून भाऊचा धक्का जवळ आहे. तिथून २०२० साली सुरू झालेली रो-रो (गाड्यांसकट माणसं नेणारी) बोट तासाभरात मांडव्याला पोचवते.

आता सायकल. पुढे सर्वांत लहान चक्र २२ ते २८ दातांचं आणि मागे सर्वांत मोठं ३२ किंवा ३४ दातांचं हवं. पुढे ३४ आणि मागे २८ अशी रोड बाइक सोलापूर-पुणे हायवेवर झकास पळते, पण सामान लादून दाभोळकडच्या चढावर ती हातात धरून चालवावी लागते. टायर ३५ ते ३८ मिलिमीटरचे, हवा ५५ ते ६० पीएसआय, मागे थोडी जास्त. आपल्याकडे पंक्चर बाभळीच्या काट्याने होतं. तिकडे भीती खड्ड्याच्या धारेची, ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. म्हणून हवा फार कमी ठेवू नका. ट्यूबला प्रेस्टा वॉल्व्ह (बारीक, लांबट तोंडाचा) असेल तर छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवाच, गावातल्या दुकानातला पंप त्याला बसत नाही.

सामान ८ ते १० किलोच्या वर गेलं की मागच्या चाकाच्या तारा तुटतात, त्याही बहुधा चेनच्या बाजूच्या. त्या मापाच्या तीन तारा, एक डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा), चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि ब्रेक पॅडची एक जोडी एवढं जवळ असू द्या. ब्रेक चाकाच्या कड्यावर दाबणारे, म्हणजे रिम ब्रेक असतील तर पॅड दोन जोड्या. ओली वाळू पॅडमध्ये अडकली की ती रिमला सँडपेपरसारखी घासते. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी मारायचे, वळणात नाही. कडेला साचलेली जांभ्याची तांबडी खडी चाकाखालून गोट्यांसारखी सरकते.

टॉवेल मात्र सोलापुरी नको. आपल्या टॉवेलचा अभिमान असायलाच हवा, पण तिथल्या दमट हवेत तो दोन दिवस वाळत नाही आणि ओला झाला की किलोभर वजन वाढवतो. साधा पंचा घ्या. वजन खर्चायचंच असेल तर ते कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर खर्चा. दोन्ही टिकतात, आणि सड्यावर दुकान नसतं तिथे हाच आधार.

पाण्याबाबत सोलापूरकर हमखास चुकतो. आपल्याकडे घाम लगेच वाळतो आणि अंग गार होतं. तिकडे घाम वाळतच नाही, नुसता गळतो. मीठ जातं आणि अंग तापलेलंच राहतं. चढावर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि दिवसाला लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट. मीठ घातलेलं कोकम सरबतही चालतं. मांडीत गोळे आल्यावर नव्हे, आधी. सड्यावर चढण्यापूर्वी गावातच बाटल्या भरून घ्या.

फेरीबोटीत सायकल नेण्याची अडचण नसते, अडचण असते ती धक्क्यावर. ओहोटीला उतारावरचं शेवाळ उघडं पडतं, तिथे सायकलवरून उतरून चाला. बोटीत ब्रेकची मूठ दाबून तिला रबर बँड गुंडाळला की सायकल घरंगळत नाही. शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. दाभोळची फेरी चुकली तर रस्त्याने खेड-चिपळूण फिरून गुहागर गाठावं लागतं, म्हणजे एक अख्खा दिवस गेला. अगरदांड्याची चुकली तरी म्हसळ्याकडून मोठा वळसा आहेच.

काशीद आणि मुरूडच्या मधे फणसाड अभयारण्य आहे. पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य, सुमारे ५४ चौरस किलोमीटर. नान्नजच्या माळरानात माळढोक शोधत नजर क्षितिजावर ठेवायची सवय असेल तर इथे मान वर करावी लागते, शेकरू झाडाच्या शेंड्यात असतो. वेळ ठेवायचा तर सकाळचा, आणि पायी. फेब्रुवारी-अखेरीला निघालात तर वेशवीनंतर वेळासला मुक्काम टाकून कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना बघता येतात, पण मग गुहागरच्या बाजूला उन्हाचा चटका सोसायची तयारी हवी.

खाणावळीत ऐनवेळी जेवण मिळेलच असं नाही. सकाळी निघतानाच पुढच्या मुक्कामाला फोन करून किती जण, मासे की शाकाहारी, ते सांगून टाका.

पुळणीवर सायकल चालवायचा मोह सगळ्यांनाच होतो. केलाच, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याची बादली ओतून धुवा. नळीचा जोराचा फवारा हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) मारलात तर खारं पाणी आणि वाळू बेअरिंगमध्ये जाते. चेन रोज संध्याकाळी फडक्याने पुसून तेल द्या. रात्रभरात तिच्यावर तांबूस गंज चढतो, हे सोलापुरात बघायला मिळत नाही.

रत्नागिरीहून परतताना एसटीने कोल्हापूर गाठता येतं. सगळ्या गाड्यांच्या टपावर कॅरिअर नसतं, म्हणून आधी कंडक्टरला विचारा. घरी आल्यावर सीटचा दांडा पूर्ण बाहेर काढून पुसा, ग्रीस लावून परत बसवा. खाऱ्या हवेने तो फ्रेममध्ये धरला की पुढे उंची बदलायला हातोडा लागतो.