केबल काढली आणि घरची केबलवाली मीच झाले

केबल बंद करायची हे ठरवायला वेळ लागला नाही, ती बंद करून घ्यायला मात्र लागला. ज्यांच्या मनात हा विचार घोळतोय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण 'ॲप टाका आणि बघा' इतकं सरळ ते प्रकरण नाही.

आधी घरात कोण काय बघतं ते महिनाभर वहीत टिपून ठेवलं. पॅकमध्ये चॅनेल शेकड्यांनी, आणि आम्ही फिरत होतो हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच चॅनेलांवर. सासूबाईंच्या मालिका आणि बातम्या, नवऱ्याचे सामने. मुलीचा टीव्हीशी संबंधच नव्हता, तिचं सगळं फोनवर. मग उरलेल्यांचे पैसे आपण का भरत होतो? तर चॅनेलवाल्या कंपन्या केबल कंपनीकडून दर ग्राहकामागे दरमहा ठरलेली रक्कम घेतात. तुम्ही ते चॅनेल बघा, नाहीतर कधीच लावू नका. सामन्यांचे हक्क महाग असल्यामुळे खेळांच्या चॅनेलांचा दर सहसा सर्वांत चढा. म्हणजे ज्यांनी आयुष्यात सामना पाहिला नाही तेही त्याची वर्गणी भरत असतात. ग्राहक सोडून जायला लागले की हे गणित दोन्हीकडून फिसकटतं: ही रक्कमही घटते आणि प्रेक्षक कमी म्हणून जाहिरातीही. मग राहिलेल्यांचे दर वाढतात आणि त्यातले आणखी काही निघून जातात.

केबल कंपनीला फोन केला तेव्हा वाटलं होतं की मिनतवाऱ्या करतील. थोड्या केल्याही, सवलत वगैरे. पण मी टीव्हीचा पॅक काढते म्हटल्यावर बाईंनी शांतपणे सांगितलं की मग नुसत्या इंटरनेटचा दर वेगळा पडेल, आणि तो अर्थातच वाढीव होता. तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वायर तीच. १९९७ साली केबलच्याच तारेतून इंटरनेट कसं पाठवायचं याचं डॉक्सिस नावाचं तंत्र ठरलं, तेव्हापासून अशा कंपन्यांचा एक पाय इंटरनेटमध्ये आहेच. आता बऱ्याच जणींचा वजनाचा पाय तोच. आपण केबल सोडून स्ट्रीमिंगकडे जातो म्हणजे पुष्कळदा त्याच दुकानाच्या दुसऱ्या काउंटरवर जातो.

बॉक्स परत करताना एक गोष्ट आवर्जून करा: त्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा आणि जमा केल्याची पावती हातात घेतल्याशिवाय हलू नका. माझ्या पुढच्या बिलात बॉक्सचं भाडं लागून आलंच होतं. पावती दाखवल्यावर ते निमूट निघालं.

वेगाची फार चिंता करू नका. फुल एचडीला पाच एमबीपीएस आणि फोर-केला पंधरा, एवढं नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं आणि आजची बहुतेक कनेक्शनं त्याच्या वर असतात. आमचं चित्र तरीही मधूनच धूसर व्हायचं. हा दोष टीव्हीचा नसतो. स्ट्रीमिंगमध्ये एकच कार्यक्रम वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवलेला असतो, काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला. नेट मंदावलं की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवतो, म्हणजे थांबण्यापेक्षा अंधूक परवडलं. आमच्याकडे राउटर एका खोलीत आणि टीव्ही भिंतीपलीकडे होता. सरळ लॅनची वायर ओढली आणि कटकट मिटली. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट शंभर एमबीपीएसचंच असतं, पण या कामाला ते रगड झालं.

खरी परीक्षा सासूबाईंची होती. त्यांना चॅनेलांची नावं नव्हे, नंबर पाठ होते. बातम्यांचा नंबर, मालिकेचा नंबर, ब्रेक लागला की जायचं त्या चॅनेलचा नंबर. टीव्हीला जोडायच्या नव्या स्ट्रीमिंग स्टिकचा रिमोट मी त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांचा अंगठा जिथे आकडे असायला हवेत तिथे गुळगुळीत प्लास्टिकवर फिरत राहिला. त्या रिमोटला आकडेच नाहीत. मग पडद्यावर पोस्टरांच्या रांगा उघडल्या. त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, यातलं लागलंय कुठलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण काहीच लागलेलं नव्हतं. केबलवर काय लावायचं हे दुसरं कुणीतरी ठरवून ठेवत होतं. आपण फक्त येऊन बसायचो, अर्ध्यावरून बघायला लागायचो, भाजी निवडता निवडता संपवायचो. आता ते ठरवायचं काम आपल्या गळ्यात. गंमत म्हणजे हे स्ट्रीमिंगवाल्यांनाही उमगलंय. जाहिरातींवर चालणारी फुकट चॅनेलं त्यांनी इंटरनेटवर आणली, वेळापत्रकासकट. प्लूटो टीव्ही २०१४ पासून हेच करतंय. पुढे २०१९ मध्ये व्हायाकॉमसारख्या जुन्या चॅनेल कंपनीने ते विकतही घेतलं. मी सासूबाईंसाठी तसलंच एक ॲप पहिल्या जागेवर आणून ठेवलं, बातम्यांच्या थेट चॅनेलाचं चिन्ह त्याच्या शेजारी, आणि बाकीचा पसारा खाली ढकलला. आता त्या स्वतःचं स्वतः लावतात. मालिकेचा चुकलेला भाग मात्र मीच लावून द्यायचा, असा करार आहे.

नवऱ्याचं दुखणं वेगळं. त्याच्या फोनवर स्कोअर आधी येतो आणि टीव्हीवर गोलंदाज अजून धावतोच आहे. याचं मूळ त्याच तुकड्यांत. व्हिडिओ असा तुकड्यांत पाठवायची एचएलएस ही पद्धत ॲपलने २००९ मध्ये आणली. तिच्यासाठी ॲपलने सुचवलेली तुकड्याची लांबी आधी दहा सेकंद होती, नंतर सहा झाली. प्लेअर हाताशी दोन-तीन तुकडे जमवल्याशिवाय सुरू करत नाही, त्यामुळे थेट म्हणतात ते वीस-तीस सेकंद शिळं असू शकतं. अंतर कमी करणाऱ्या पद्धती आल्यात, पण आमच्या ॲपमध्ये त्याचा पत्ता नाही. उपाय म्हणून सामना सुरू झाला की फोनवरच्या सूचना बंद.

इथे जुन्या प्रक्षेपणाला मी मनापासून मानते. टॉवरवरून सुटलेला सिग्नल दहा घरांनी पकडला काय किंवा एक कोटी घरांनी, टॉवरला फरक पडत नाही. इंटरनेटवर साधारणपणे प्रत्येक घराला वेगळी प्रत पाठवावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची झुंज नेटफ्लिक्सवर थेट दाखवली तेव्हा प्रेक्षक कोट्यवधी होते, आणि चित्र अडकल्याच्या तक्रारीही जगभरातून आल्या.

माझा भाऊ म्हणतो, टीव्ही मेला. तसं काही मला दिसत नाही. अमेरिकेत नील्सन कंपनी टीव्हीच्या पडद्यावर काय बघितलं जातं ते दरमहा मोजते. जुलै २०२२ मध्ये तिथे स्ट्रीमिंगने पहिल्यांदा केबलला मागे टाकलं, टीव्ही बघण्याच्या एकूण वेळापैकी ३४.८ टक्के विरुद्ध ३४.४. मे २०२५ मध्ये ते ४४.८ वर गेलं आणि केबल (२४.१) व प्रक्षेपण (२०.१) यांच्या बेरजेलाही ओलांडून पुढे निघालं. पण हे सगळं टीव्हीच्याच पडद्यावरचं. आणि त्या ४४.८ मधले १२.५ टक्के एकट्या यूट्यूबचे, नेटफ्लिक्सचे ७.५. म्हणजे ज्याच्याकडे ना वेळापत्रक ना मासिक पॅकची सक्ती, तो सर्वांत पुढे. आमच्या मुलीला हे आकडे दाखवायची गरज नव्हती.

पैशांचं काय, हे सगळे विचारतात. पहिल्या काही महिन्यांत आमचा खर्च केबलपेक्षा वाढला होता. एक मालिका इकडे, एक तिकडे, सामने तिसरीकडेच. शिवाय हक्कांची मुदत संपली की अर्धी पाहिलेली मालिका एका ॲपवरून उठून दुसऱ्यावर जाते. आता नियम असा की एका वेळी एकच मोठं सबस्क्रिप्शन चालू. घेतल्या दिवशीच त्याचं आपोआप नूतनीकरण बंद करायचं. पैसे भरलेले दिवस तरीही मिळतातच. खेळाचा हंगाम संपला की ते ॲप बंद. जाहिरातींसह मिळणारा स्वस्त प्लॅन आम्हाला चालतो. २०२२ च्या नोव्हेंबरात नेटफ्लिक्सनेही तो आणला, आणि जाहिरातींची सवय आम्हाला आयुष्यभराची आहे. पासवर्ड, ओटीपी, कुणाचं प्रोफाइल कोणतं, तारखा, हे सगळं त्याच वहीत लिहिलेलं असतं आणि वही माझ्याकडे. घरात "लागत नाहीये" अशी हाक आली की उठायचं मीच.

परवा इंटरनेटच्या बिलासोबत एक जाहिरात आली: अनेक ॲप एकत्र, एकच बिल, सवलतीत. अमेरिकेत डिस्ने प्लस, हुलू आणि मॅक्स (आता एचबीओ मॅक्स) या स्ट्रीमिंग सेवांचा असा एकत्र पॅक जुलै २०२४ पासून मिळतोय, तेव्हा हे होणारच होतं. मी वही काढून बसले. त्यातली निम्मी ॲप आमच्याकडे कुणी उघडतही नाही. नवऱ्याचा आग्रह घ्यायचा होता. मी म्हटलं, हंगाम सुरू होऊ दे, मग बघू.