नामेकची पाच मिनिटे: ‘ड्रॅगन बॉल झेड’ पुनर्दर्शनाची पुढची नोंद

‘ड्रॅगन बॉल झेड’ या जपानी ॲनिमे (ॲनिमेशन मालिका) चे नामेक ग्रहावरील लढाईपाशी रखडलेले पुनर्दर्शन अखेर पुढे सरकले आहे आणि ते कशामुळे सरकले, हे सविस्तर सांगण्यासाठी ही नोंद लिहीत आहे. गिन्यू पथकाबरोबरच्या लढाईपर्यंतचा मजकूर मागील नोंदीत आलाच आहे. १९८९ साली सुरू झालेली ही २९१ भागांची मालिका आजही ताठ मानेने उभी राहते, असे मत मी तेथे मांडले होते, मात्र खलनायक फ्रीझाबरोबरच्या लढाईच्या शेवटच्या टप्प्यात ते चांगलेच डळमळले. ९७व्या भागात फ्रीझा ग्रहाच्या गाभ्यावर प्रहार करतो आणि पाच मिनिटांत नामेक फुटेल असे सांगतो; प्रत्यक्षात नामेक फुटतो तो १०६व्या भागात. शीर्षकगीत, मागील भागाचा गोषवारा आणि पुढील भागाची झलक वजा केली, तरी ही पाच मिनिटे अडीच तासांच्या आसपास चालतात.

या टप्प्याचे मी प्रसंगवार टाचण काढले. प्रत्येक भागात नवी घटना किती वेळ घडते, संवाद किती चालतो, नुसती नजरानजर किती, आधीची चित्रे पुन्हा किती वापरली आहेत आणि कथा लढाई सोडून दुसरीकडे किती वेळ जाते, असे रकाने पाडले. मांगात, म्हणजे मूळ जपानी चित्रकथेत, नसलेले प्रसंग या टप्प्यात जागोजागी पेरले आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. १००व्या भागात नायक गोकूचा मुलगा गोहान लढाईत परत येतो, त्यांची सहकारी बुल्मा हिची वेगळीच धडपड चालू राहते आणि परलोकातील गुरू किंग काई याच्या ग्रहावर मृत योद्धे दूरवरून लढाईचा अंदाज घेत बसतात. कारण सर्वांना ठाऊक आहे. मांगाकार अकिरा तोरियामा यांचे प्रकरण ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात दर आठवड्याला येत होते, फुजी टीव्हीवर दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता भाग दाखवावाच लागत होता आणि दोहोंत काही महिन्यांचेच अंतर उरले होते. मांगाच्या पुढे जाता येत नाही आणि प्रसारण थांबवताही येत नाही, अशा कात्रीत मालिका बनवणाऱ्या तोएई कंपनीच्या चमूपुढे वेळ ताणण्यावाचून मार्ग नव्हता. तथापि कारण समजल्याने कंटाळा कमी होत नाही. बारा किंवा चोवीस भागांच्या हंगामांवर वाढलेल्या माझ्या भाचीने ९५वा भाग श्वास रोखून पाहिला, पण ९९व्या भागाशी तिने विचारले, “मामा, यांचं बोलणं कधी संपणार?” हा प्रश्न रास्त होता.

पहिला उपाय अर्थातच ‘काई’ ही कापून छोटी केलेली आवृत्ती हा होता. ‘झेड’च्या विसाव्या वर्षानिमित्त २००९ साली आलेल्या या आवृत्तीने सेल पर्वापर्यंतचे १९४ भाग टीव्ही प्रसारणात ९७ भागांत बसवले. नामेकचा शेवट मी त्यात पुन्हा पाहिला. वेग सुधारतो, गोष्ट सरळ पुढे जाते आणि नव्या प्रेक्षकाला मी आजही ‘काई’च सुचवीन. संगीताची मात्र हानी झाली आहे. केंजी यामामोतो यांच्या रचनांवर उचलेगिरीचा संशय आल्याने २०११ साली त्या काढून शुनसुके किकुची यांचे जुने संगीत बसवण्यात आले. मुळात वेगळ्या लयीसाठी कापलेल्या दृश्यांवर ते अनेक ठिकाणी पुरेसे बसत नाही.

माझी खरी अडचण मात्र ९५व्या भागापाशी होती आणि तो भाग मी फ्रेम थांबवून पाहिला. फ्रीझा गोकूचा जिवलग मित्र क्रिलिन याला अधांतरी उचलतो, क्रिलिन गोकूचे नाव घेतो आणि त्याच्या चिंधड्या उडतात. त्यानंतर गोकू लगेच झेप घेत नाही. त्याचे खांदे थरथरतात, आकाशात विजा चमकतात, केस क्षणभर उभे राहून सोनेरी होतात आणि पुन्हा काळे होऊन खाली येतात. पुन्हा उठतात, पुन्हा पडतात. मांगात हे मोजक्या चौकटींत आटोपते. येथे तो ताण लांबवल्यामुळे एक माणूस स्वतःला आवरण्याचा प्रयत्न करतो आणि त्यात हरतो, हे डोळ्यांना दिसते. थोडीफार शुद्ध शिल्लक आहे तोवर येथून निघून जा, असे तो पुढे गोहानला बजावतो, तेव्हा त्या वाक्याला वजन येते ते या लांबवलेल्या क्षणांमुळेच. गोकूला आवाज देणाऱ्या मासाको नोझावा यांनी ते वाक्य ज्या दबलेल्या, खरखरीत आवाजात म्हटले आहे, त्याला आजच्या कोणत्याही मालिकेत मला तोड दिसत नाही. म्हणजे ज्या संथपणाने ९९वा भाग मारला, त्याच संथपणाने ९५वा भाग तारला आहे, आणि सरसकट कात्री चालवणारा कोणताही उपाय दोन्हींना एकाच मापाने कापतो.

कोंडी फुटली ती क्रम उलटा केल्यावर. आधी मांगातील प्रकरणे वाचायची आणि मग तेच भाग पाहायचे, तेही रोज एकच. पुढे काय होणार ही उत्सुकता मांगातच भागते आणि ॲनिमेकडे केवळ सादरीकरण म्हणून पाहता येते. परिचित बंदिश गायक विलंबितात कशी मांडतो हे ऐकायला आपण बसतो, तसे ते पाहणे होते. मग फ्रीझाचे मिनिटभराचे बोलणे लांबण वाटत नाही, कारण र्‍यूसेई नाकाओ यांचा सौजन्याने भरलेला आवाज नेमका कोणत्या शब्दावर तडकतो, हे टिपण्यात मन गुंतते. असे असूनही गोहानचे परतणे आणि बुल्माचे प्रसंग या पद्धतीनेही तरत नाहीत. तेथे खरोखरच काही घडत नाही. ते भाग मी वगळणीच्या यादीत टाकले आहेत.

आपल्यापैकी अनेकांना हे पर्व कार्टून नेटवर्कमुळे परिचित आहे. ती अमेरिकी आवृत्ती होती आणि तिच्यात किकुची यांच्या जागी जवळपास अखंड वाजणारे वेगळे संगीत होते. त्या संगीताबद्दल मलाही जिव्हाळा आहे, पण मूळ आवृत्तीतील शांतता ऐकल्यावर गोकूच्या रागाची खोली वेगळीच जाणवते.

चित्राच्या दर्जाबद्दल माझे मत अधिक ठाम झाले आहे. ही मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर ४:३ प्रमाणात चित्रित झाली आहे. तिला १६:९ करण्यासाठी वर-खाली कापले की एक चतुर्थांश चित्र जाते, आणि आकाशातून खाली कोसळणाऱ्या योद्ध्यांच्या या मालिकेत रचना बहुतेक वेळा उभ्या अक्षावरच असते. त्यात ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक कण, पुसण्यासाठी डिजिटल सफाई केली की शाईच्या रेषाही विरतात. एका ऑनलाइन विक्रेत्याने पूर्ण चौकटीचा म्हणून पाठवलेला संच कापलेलाच निघाला आणि मी तो परत केला. २००३ साली जपानमध्ये निघालेल्या ‘ड्रॅगन बॉक्स’चे चित्र मला आजही सर्वांत विश्वासार्ह वाटते.

पुढे १०८ ते ११७ हे गार्लिक ज्युनियरचे दहा भाग वगळून यंत्रमानव पर्वापासून थेट ‘काई’वर जायचे, असे ठरले होते. मात्र हे लिहिताना टाचणे पुन्हा चाळली आणि बेत बदलला. ज्या भागांपुढे मी समाधानाच्या खुणा केल्या आहेत, त्यांतील चेहऱ्यांची ठेवण आणि हालचालींची धार एकमेकांशी जुळते. भागागणिक ॲनिमेशन दिग्दर्शक बदलत असल्याने हे योगायोगाने घडलेले नसावे. यापुढे श्रेयनामावलीसाठी टाचणात स्वतंत्र रकाना असेल. पात्ररचना मिनोरू माएदा यांच्याकडून कात्सुयोशी नाकात्सुरु यांच्याकडे गेल्यावर जबडे आणि डोळे कसे टोकदार होत जातात, हेही त्यात टिपायचे आहे. त्यासाठी ‘झेड’च हवी, कारण कापलेल्या आवृत्तीत एकेका चमूचे काम सलग पाहता येत नाही. फिलरपैकी, म्हणजे मांगात नसलेल्या भरीच्या भागांपैकी, गोकू आणि त्याचा एकेकाळचा शत्रू पिकोलो गाडी चालवायला शिकतात तो १२५वा भाग मात्र मी आवर्जून ठेवणार आहे, कारण या दोघांतील बदललेले नाते मूळ कथेत इतक्या मोकळेपणाने कोठेच दिसत नाही.

गोकूचा म्हातारा गुरू मुतेन रोशी याचे मुलींशी वागणे आज पाहवत नाही आणि त्याला कोणताही क्रम किंवा आवृत्ती उपाय ठरत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

सेल पर्वात गोहानचा राग ज्या भागात फुटून बाहेर येतो, तो १८५वा भाग ९५व्या भागाशेजारी ठेवून पाहण्याची कल्पना आता सुचली आहे. दोन्हींत राग येण्यापूर्वीचा काळ ताणलेला आहे, पण एकात तो बापाच्या आणि दुसऱ्यात मुलाच्या वाट्याला येतो, आणि दोन्ही आवाज नोझावा यांचेच आहेत. त्या दोन भागांचे प्रसंगवार टाचण समोरासमोर मांडून पुढील नोंदीत देईन. ज्यांच्याकडे पूर्ण चौकटीचा १८५वा भाग असेल, त्यांनी १६व्या यंत्रमानवाचे डोके फुटल्यापासून गोहानची किंकाळी येईपर्यंतचा वेळ मोजून कळवावा, म्हणजे माझ्या संचाशी तो ताडून पाहता येईल.