चार नंबरची तुळई

वाड्याला आग रात्री लागली होती आणि मी सकाळी साडेनऊला पोचले. पाहणीला आलेले अधिकारी तोवर निघायच्या बेतात होते. अंगणातूनच त्यांनी वर मान केली, काळाठिक्कर पडलेला कडीपाट, म्हणजे लाकडी छत, पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, यात बघायचं काय? सी-१." धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामं करा आणि पाडा. जिना चढायचे कष्टही त्यांनी घेतले नव्हते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि पुण्यातल्या पेठांमधली जुनी घरं तपासणं हे माझं रोजचं काम. हा वाडा दीडशे वर्षांपलीकडचा. पुढचा भाग मूळचा: दगडी तळखड्यांवर, म्हणजे पायाच्या दगडांवर, सागवानी खांब, खांबांवर हस्त म्हणजे लाकडी आधार, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या आणि पाट. मागचा सोपा, म्हणजे मागची ओसरी, १९६१ साली पानशेतच्या पुरात बसला, तेव्हा तो विटांच्या भिंतींवर लोखंडी गर्डर टाकून बांधून घेतला होता. आग नेमकी या दोन्हींच्या सांध्यावरच्या माडीत लागली. आटोक्यात यायला पाऊण तास गेला. एकच आग, तेवढाच वेळ, एका अंगाला लोखंड आणि दुसऱ्या अंगाला साग. अशी तुलना मला कुठल्या प्रयोगशाळेतही बघायला मिळाली नव्हती.

आधी गर्डर पाहिला. बारा फुटांचा गर्डर मधोमध वीतभर खाली आला होता. लोखंड जळत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण साडेपाचशे-सहाशे अंशांना त्याची जवळपास निम्मी ताकद जाते, शिवाय तापलं की ते लांबतं. बारा फुटांचा गर्डर तेवढ्या उष्णतेत इंचभर लांबतो. त्या इंचाने मागची भिंत बाहेर रेटली होती. विटांच्या थरांमध्ये माझी बोटं जात होती.

मग तुळया. सात होत्या, मी खडूने नंबर घातले. आगीच्या अगदी तोंडावर होती ती चार नंबरची, दहा इंच रुंद, बारा इंच उंच. वरून बघाल तर कोळसा, मगरीच्या पाठीसारखा तडकलेला. माझ्याबरोबरच्या सुतारमिस्त्रींनी पटाशी लावली, दोन ठोके मारले, आणि कोळशाची खपली निघाली. खाली बोटभर तपकिरी पट्टा, आणि त्याच्याही खाली सोनेरी, तेलकट, सागाचा वास येणारं लाकूड. मिस्त्रींनी त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

कोळसा मोजला: तिन्ही उघड्या बाजूंना साधारण बावीस मिलिमीटर. जाड, घट्ट लाकूड मिनिटाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जळत आत जातं, म्हणजे पाऊण तासाचा हिशेब बरोबर जुळत होता. वरचा कोळसाच आतल्या लाकडाचं पांघरूण होतो. बारीक वासा असता तर पाऊण तासात संपला असता. इथे मात्र छेद, म्हणजे तुळईची रुंदी आणि उंची, मोठा, त्यामुळे बावीस मिलिमीटर गेले तरी वाकण्याविरुद्धची सत्तर टक्के ताकद शिल्लक होती. जुन्या सुतारांनी गरजेपेक्षा जाड लाकूड घातलं, ते अडाणीपणाने घातलं असं आमच्यातलेच कितीतरी जण म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला लाकूड जेमतेम एका धड्यापुरतं शिकवलं आणि त्या अज्ञानावर आम्ही घरं पाडायच्या सह्या करतो.

खरा धोका आगीच्या जागी नव्हताच. तुळयांची टोकं भिंतीत जातात तिथे मी बारीक ड्रिल मारून भुसा बघते. सुकी, कुरळी चुरी आली तर लाकूड ठीक. दोन आणि सहा नंबरच्या टोकांतून ओली, काळी भुकटी आली. तिथे मातीच्या भिंतीला कोणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. भिंत श्वास घ्यायची थांबली, ओल आतच कोंडली, मग वाळवी आली. आगीने पाऊण तासात जे केलं नाही ते सिमेंटने वीसेक वर्षांत केलं. मिस्त्री म्हणाले, "टोकं कापून नव्या सागाचा जोड देऊ, मॅडम. आमच्या वडिलांनी दिलेत असे." ते काम आठ-दहा दिवसांचं होतं.

वाड्यातल्या आजी जिन्याशी बसून होत्या. "कोयनेच्या वेळी पहाटे सगळा वाडा कुरकुरला गं," त्या म्हणाल्या, "पण पडला नाही. आता कसा पडेल?" १९६७ चा भूकंप त्यांना कालचा वाटत होता. खांब तळखड्यावर नुसते टेकलेले, सांधे कुसवांचे, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभांचे, आणि पाचरींचे, हलका धक्का असला तर चौकट हलते, कुरकुरते, आणि परत बसते. ते कुरकुरणं हीच सूचना. काँक्रीट असं कुरकुरून सांगत नाही. मी त्यांना म्हटलं, "आजी, पुढचा भाग राहील. मी लिहून देते."

आणि लिहून दिलं, जीव ओतून. प्रत्येक तुळईचा नंबर, लांबी, मूळ छेद, कोळसा सोडून उरलेला निरोगी छेद, टोकांची स्थिती. सगळं तक्त्यात, कोणालाही समजेल असं. अधिकाऱ्यांना खोडून काढता येऊ नये म्हणून.

खोडलं नाही कोणीच. सी-१ मागे घेतलं गेलं. पण मागच्या सोप्याला टेकू लावून दुरुस्त करायचा खर्च, पाच भावंडांचे हिस्से, बिल्डरचा प्रस्ताव, हे सगळं माझ्या तक्त्याच्या बाहेरचं होतं. चार महिन्यांनी सह्या झाल्या.

पाडकामाच्या दिवशी मी गेले. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याच्या हातात माझ्याच अहवालाची झेरॉक्स होती. उरलेल्या छेदाच्या रकान्यापुढे पेन्सिलीने घनफूट काढलेले. चार नंबरपुढे साडेसात. "तुमच्यामुळे ठोकून बघायची गरजच पडली नाही," तो म्हणाला, आणि त्याने मनापासून हात जोडले. त्याला दोष देता येत नाही. त्याने त्या लाकडाची किंमत ओळखली, जी इतरांनी ओळखली नाही. फक्त ती घनफुटात मोजली.

तुळई निरोगी आहे हे मी लिहिलं नसतं तर वाडा पहिल्याच आठवड्यात पडला असता. लिहिलं, म्हणून ती विकायला सोपी झाली. तो रकाना गाळता आला असता का, हे मी अजून स्वतःला विचारते.

आजी त्या दिवशी तिथे नव्हत्या. चार नंबर ट्रकमध्ये चढवायला सहा माणसं लागली. माझ्या खडूचा आकडा तिच्यावर अजून होता.